पदराची चादर

२०१७ साल होतं आणि मी सत्तर वर्षांचा होतो. आमच्या कोष्टीपुऱ्यात तेव्हा एकच हातमाग वाजत होता, तो माझा. बाकीच्यांनी मागाचे खड्डे बुजवून वर फरशी बसवून घेतली होती. माझा पोरगा हिंगण्याला कंपनीत आहे, प्रताप नगरला फ्लॅटमध्ये राहतो. दर रविवारी मोटरसायकलवर यायचा आणि म्हणायचा, बाबा, आता चला तिकडं. मी म्हणायचो, माग कुठं बसवशील, गॅलरीत? मग तो चहा पिऊन निघून जायचा. मी तिसरीपर्यंत शिकलो. पण कापडातलं मला कोणी सांगायला आलेलं चालत नाही, आणि खरं म्हणजे बाकीचंही फारसं चालत नाही.

त्या उन्हाळ्यात एका दुपारी मी मागावर होतो आणि दारात कोणीतरी येऊन उभं राहिलं. आवाज दिला नाही, कडी वाजवली नाही. मी धोटा फेकत राहिलो, तो उभाच. कांडीवरचं सूत संपलं, माझा हात थांबला, तेव्हा तो म्हणाला, "सलाम." दुसऱ्याचं काम थांबेपर्यंत तोंड न उघडणारा माणूस मी पुष्कळ वर्षांनी पाहत होतो.

तो रज्जाकभाई. आमच्या मागच्या गल्लीनंतर नाला लागतो, नाल्यापलीकडे त्यांचा मोहल्ला. बारीक अंगाचा, पांढरी दाढी, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. खांदे पुढं आलेले, कारण सारा जन्म लाकडी चौकटीवर ताणलेल्या कापडावर वाकून भरतकाम केलेलं. त्या चौकटीला ते लोक अड्डा म्हणतात.

"चादरीचं कापड पाह्यजे होतं," तो म्हणाला. "सुती. हिरवं."

"गांधीबागेत जा ना गा. थानंच्या थानं पडले हायेत."

"ते मशीनचं हाय."

"मंग? मशीनचं कापड काय चावते?"

"मेलेल्या मानसावर टाकाची चादर हाय," तो म्हणाला. "त्याले शेवटी कोनाचा तरी हात लागला पाह्यजे."

मी म्हटलं, बस.

मग त्यानं समजावलं. त्यांच्यात माणूस गेला की जनाजा निघतो, आणि कब्रस्तानापर्यंत त्याच्यावर एक चादर असते. ती कबरीत जात नाही. दफन करायच्या आधी काढून घेतात, मशिदीत परत आणतात, पुढच्या माणसासाठी. पुऱ्या मोहल्ल्याची एकच. यांच्या मशिदीतली चादर चमकणाऱ्या नायलॉनची होती, कडा उसवलेल्या, मधे कोणाच्या तरी अगरबत्तीनं जळलेली.

"मी आजवर दर्ग्याच्याच चादरी बनवल्या," तो म्हणाला. "वलीच्या मजारवर रोज नवी चादर पडते, नामदेवराव. एकीवर एक. अन् आमच्या गल्लीतला हमाल मरते, त्याच्यावर ते जळकं. खरा उघडा तं तोच असते ना."

तेवढं एकच त्याच्या मनात होतं. मोहल्ल्यातल्या गरिबातल्या गरिबानं वलीसारखं, म्हणजे दर्ग्यातल्या संतासारखं, झाकून जावं. त्यासाठी तो माझ्या दारात आला होता.

माप घ्यायची वेळ आली तेव्हा मी टेप काढला. तो ऐकेना. टोपी बाजूला ठेवली आणि माझ्या घरच्या जमिनीवर सरळ उताणा झोपला. हात अंगाशी, डोळे बंद. म्हणाला, "मोजा." तेवढ्यात शेजारची सुमनबाई ताकानं भरलेला गंज घेऊन आत आली आणि किंचाळली. गंज पडला, ताक वाहत थेट त्याच्या पाठीखाली गेलं, तरी हा हलला नाही. पडल्या पडल्या म्हणाला, "बाई, डरू नका. मी अजून जिता हाओ. माप देऊन राहिलो." सुमनबाईनं त्यानंतर महिनाभर आमच्याकडं ताक आणलं नाही.

उठल्यावर त्यानं आणखी एक सांगितलं. "वरून हातभर जास्त घ्या. बाईमानूस असलं की कमान लागते." बाईच्या जनाज्यावर अंगाचा आकार दिसू नये म्हणून वेताच्या कमानी बांधतात आणि चादर त्या कमानींवरून टाकतात. पुरुषाच्या अंगावर ती नुसती पसरते. मी मान हलवली. विणकराला लांबी सांगितली की पुरे, कारण कशाला पाहिजे? पण ते ध्यानात राहिलं.

कापड मी विणलं. दोन्ही बाजूंना करवती काठ घातला, आमच्या साड्यांना घालतो तसा, दातेरी. तेवढं ठरलं होतं. मग शेवट जवळ आला. आता, ज्यानं पन्नास-पंचावन्न वर्षं साड्या विणल्या त्याचा हात कापडाचा शेवट आला की स्वतःच पट्टे भरायला लागतो. डोकं विचारतही नाही. मी मागावरून उठलो तेव्हा चादरीला एका टोकाला चांगला हातभर पदर झाला होता. लोक याला चूक म्हणतात. मी म्हणत नाही. ठरलं नव्हतं, एवढंच.

रज्जाकभाईनं घडी उलगडली आणि थांबला.

"हे काय हाय?"

"पदर हाय."

"मुर्द्याले पदर?"

"आता विनून झाला. पाह्यजे तं ने, नाई तं ठेव."

तो पदरावरून हाताची पालथी बाजू फिरवत राहिला. पालथी, कारण त्याच्या बोटांच्या टोकांना सुईनं घट्टे पडले होते आणि त्यांना कापड समजत नसे. मग एकदम हसला. "उन्हातून नेताना माय लेकराच्या तोंडावर पदर टाकते ना? हा डोक्याकडं घेऊ. असू द्या. लय बरा हाय."

मी त्याला तू म्हणे, कारण मी मोठा. तो मला शेवटपर्यंत तुमी म्हणाला.

त्यानंतर दुपारी मागावरून उठलो की मी त्याच्या घरी जाऊन बसे. एक खोली, खोलीभर अड्डा. पोटासाठी तो धरमपेठेतल्या दुकानांचे लेहेंगे भरे. पण ज्या दिवशी चादरीवर बसायचं त्या दिवशी माणूस वेगळा होई. आधी हातपाय तोंड धुवून येई. चादरीची सुई वेगळी, एका हाडाच्या डबीत ठेवलेली. ती लेहेंग्याला कधी लागली नाही. लेहेंग्याचा दोरा तो दातानं तोडे, चादरीचा कात्रीनं. तोडलेली जरीची टोकं झाडूत जाऊ देत नसे, एका पत्र्याच्या डब्यात टाके. आणि सुई कापडात असेपर्यंत बोलत नसे. मी काही विचारलं की उत्तर सुई बाहेर आल्यावर. कधी कधी माझाच प्रश्न मी तोवर विसरलेला असे.

अक्षरं उमटवायची त्याची रीत मला आवडे. आधी कागदावर लिही, मग त्या रेघांवर सुईनं जवळजवळ भोकं पाडी, मग कागद कापडावर ठेवून खडूची ओली भुकटी कापडाच्या बोळ्यानं घाशी. कागद उचलला की हिरव्यावर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. "अक्षर पयले भोकातून येते, नामदेवराव. जर मांगून येते," असं म्हणे. जर म्हणजे ती सोनेरी. मी विचारलं, लिहिलं काय आहे? म्हणाला, आपण सगळे अल्लाचे आणि त्याच्याकडेच परत जाणार, असं आहे. म्हटलं, हे तर आम्हीही म्हणतो. म्हणाला, "मंग तुमी बी चाला."

त्याची बायको शकीलाभाभी मात्र त्या चादरीवर जळे. ठेंगणी, पान खाणारी, तोंडानं तिखट. घरात जनाज्याची चादर म्हणजे तिला मरण घरात आणून बसवल्यासारखं वाटे. स्वयंपाकाच्या बाजूला तिनं पडदा लावून टाकला होता. मला पाहिलं की सुरू होई. "भाईसाब, इनको समझाव ना. लोगां घर में टीवी लाते, फ्रीज लाते. ये आदमी कफन का भाई लेके बैठा है."

"वं बेगम, लेहेंग्यावर बसलो तरी बोलते, चादरीवर बसलो तरी बोलते," तो म्हणे.

"लेहंगा तो कोई जिंदा पहनता है!"

"घाई कोनाले हाय?" तो सुई बाहेर काढून म्हणे. "ज्याच्यासाठी बनवून राहिलो तो तं अजून जिता हाय."

हे त्याचं ठरलेलं वाक्य. कोणीही विचारो, चाचा, झाली का चादर, हेच उत्तर. लोक हसत आणि लगेच हसू आवरत.

एकदा धरमपेठेतल्या दुकानाची बाई स्वतः आली. मी तिथंच होतो. तिनं मोबाइलवर फोटो दाखवला. लेहेंग्याच्या घेरावर सगळीकडून अरबी अक्षरांची नक्षी. तिला काय, दिसायला सुंदर म्हणून हवी होती.

"मॅडम, हे घेरावर नाई होनार," रज्जाकभाई म्हणाला.

"का हो चाचा? तुमच्याइतकं चांगलं कोण काढणार?"

"घेर जमिनीवर लोळते. अक्षर पायात नाई आनत आमी."

"मग नुसतं डिझाइन समजा ना."

"मोर काढून देतो. मोराले कुठंबी चालते."

तिनं मोर घेतले, खूश होऊन गेली. भाभी पडद्यामागून म्हणाली, "मोर में मेहनत दुगनी है." तो म्हणाला, "असू दे."

दोन वर्षं लागली चादरीला. चारही बाजूंनी दोन ओळी सोनेरी अक्षरं, मधे काही नाही. पायाकडची बाजू मात्र अर्धी मोकळी ठेवलेली, अक्षर पायांवर येऊ नये म्हणून. मला त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही, पण माझं कापड मी ओळखतो, आणि माझ्या कापडावर इतकं शोभलेलं काही मी पाहिलं नव्हतं. माझ्या साड्या नेसून किती नवऱ्या गेल्या असतील, त्यांच्यासकट सांगतो.

मशिदीत तेव्हा नवे मौलाना आले होते. तरुण, हळू बोलणारे. चादर पाहायला स्वतः घरी आले. खूप वेळ पाहिली. मग म्हणाले, "चचा, काम लाजवाब है. मगर मैं इसे ले नहीं सकता."

मग त्यांनी कारण सांगितलं. जनाजा वाटेत खाली ठेवावा लागतो. कापड बाजूनं लोंबतं, लोकांचे पाय लागतात. पाऊस असतो, चिखल असतो. आणि खाली मेलेलं अंग. या अक्षरांना काही लागलं तर जबाबदारी कोणाची? साधी चादर द्या, आजच डोक्यावर घेऊन जातो.

मला राहवलं नाही. म्हटलं, "मौलाना, दर्ग्यातल्या चादरीवर चालते अन् हमालाच्या चादरीवर नाई चालत?"

ते माझ्यावर रागावले नाहीत. "बाबाजी, मजार हिलती नहीं. जनाजा हिलता है."

मी रज्जाकभाईकडं पाहिलं. वाटलं आता हा बोलेल. दोन वर्षांची मान मोडलीय याची. तो चादरीकडं पाहत होता. मग म्हणाला, "उसवून देतो. मंग घ्याल?"

"चचा, मैं तो चाहता हूँ कि ये यहीं रहे, घर में, दीवार पर..."

"भिंतीले काय कराची हाय? भिंत मरते का?" तो म्हणाला. "उसवून देतो. धुवून देतो. साधी होईल. जबान हाय आपली."

मौलाना गेल्यावर मी त्याला खूप बोललो. भेकड म्हटलं. तुला कणा नाही म्हटलं. दुसऱ्या मशिदीत दे, कामठीला दे, पण उसवू नको. तो ऐकत राहिला आणि शेवटी एवढंच म्हणाला, "बरोबर हाय त्याचं. मोराची गोष्ट इसरले काय तुमी?"

मी चप्पल घालून निघून आलो. आठ-पंधरा दिवस गेलो नाही.

मग गेलो तेव्हा जे पाहिलं ते सांगतो. अड्ड्याच्या एका बाजूला तो बसला होता आणि समोरच्या बाजूला शकीलाभाभी. जन्मात ती त्या अड्ड्याला शिवली नव्हती. आता चष्मा लावून, पान बाजूला ठेवून, हातपाय धुवून, ती जरीचा एक एक टाका वर उचलत होती आणि हा खालून ओढून घेत होता. ओढलेली जर पत्र्याच्या डब्यात. मी बसलो. कोणी चहा विचारला नाही. बऱ्याच वेळानं भाभी माझ्याकडं न पाहता म्हणाली, "भाईसाब, मैंने दो साल इसको कोसा. अब हाथ नहीं चलता." आणि पदरानं डोळे न पुसता, पाणी कापडावर पडू नये म्हणून तोंड बाजूला करून, तसंच काम करत राहिली.

सगळं उसवून झालं. डब्यातली जर त्यानं कब्रस्तानाच्या भिंतीशी, जिथं कोणाचा पाय पडत नाही अशा लिंबाखाली खड्डा करून पुरली. मी सोबत होतो. त्यानं माती हातानंच लोटली.

चादर अजून अड्ड्यावर होती. त्यात सुईची भोकं तशीच. कोऱ्या हातमागाच्या कापडात खळ असते, ती भोक धरून ठेवते. मीच त्याला सांगितलं, "एक धुनं दे. खळ गेली का सूत फुगते, भोकं बुजतात. कोनाले समजनार बी नाई."

"गुरवारी धुतो," तो म्हणाला.

गुरुवार गेला. पुढचा गेला. मी विचारलं की म्हणे, "घाई कोनाले हाय?" पण वाक्याचा दुसरा भाग आता तो म्हणत नसे.

थंडी सुरू झाली होती. एका सकाळी शकीलाभाभी चुलीजवळ बसल्या बसल्या गेली. कणीक हाताला लागलेली होती म्हणतात. दुपारी मी पोचलो तेव्हा गल्ली भरलेली, वेताच्या कमानी बांधून झालेल्या, आणि मशिदीतून कोणी ती जळकी नायलॉनची चादर घेऊन आलेलं. रज्जाकभाई आत गेला आणि अड्ड्यावरून आपली चादर सोडून घेऊन आला. मौलानांनी ती हातात घेतली, उलटून पालटून पाहिली. अक्षर नव्हतं. त्यांनी मान हलवली. रज्जाकभाईनं स्वतः ती कमानींवरून टाकली, पदर डोक्याकडं.

त्याचा स्वतःचा जनाजा मी पाहिला नाही. भाभीच्या तिसऱ्या दिवशीची फातिहा, म्हणजे प्रार्थना, झाली आणि त्याची मुलगी त्याला बुऱ्हाणपूरला आपल्या घरी घेऊन गेली. मी गेलो तेव्हा दाराला कुलूप. तिकडेच तो पुढच्या वर्षी गेला, तिकडच्याच कोणत्या तरी चादरीखाली. म्हणून मला शेवटचा दिसतो तो त्या दिवशीचा.

दुपारची नमाज होऊन उन्हं कलली होती. जनाजा नाल्याच्या पुलावर आला तेव्हा सूर्य समोरून, खाली उतरलेला. मी बाजूनं चालत होतो. खांदा देऊन मोकळा झालो होतो. उजव्या बाजूच्या पुढच्या दांड्याला रज्जाकभाई. आणि पुलावर वळताना ऊन कमानीच्या पलीकडून आत शिरलं आणि चादरीतून आमच्याकडं आलं. भोकाभोकातून. हिरव्या कापडावर पूर्ण ओळ उजेडाची. एक ओळ, तिच्याखाली दुसरी. पुरुष असता, चादर अंगाला टेकली असती, तर एक ठिपका दिसला नसता.

मला ते वाचता येत नाही. पण कापडावरचे पांढरे ठिपके मी दोन वर्षं पाहिले होते. तेच होते.

रज्जाकभाईनं मान वळवली. खांद्यावर वजन असताना जेवढी वळते तेवढी. त्यानं पाहिलं. तो चालत राहिला, आणि दांड्यावरचा त्याचा हात एकदा सुटून पुन्हा बसला. मागं मौलाना होते. त्यांनीही पाहिलं, हे मी शपथेवर सांगतो. त्यांची पावलं थांबली नाहीत. ओठ हलत होते. तेच वाचत होते की दुसरं काही, मला काय समजते. पूल संपला, गल्लीच्या घरांची सावली आली आणि ओळी गेल्या.

दफन झालं. चादर काढून घेतली होती. रज्जाकभाईनं तिची घडी केली, पदर आत घेऊन, आणि फाटकाशी येऊन माझ्या हातात दिली.

"नामदेवराव, उद्या धुवून टाका."

"राहू दे ना गा," मी म्हटलं. "असंच देऊन देऊ. कोनाले समजते?"

"जबान देली हाय." मग त्यानं हाताची पालथी बाजू घडीवरून फिरवली. "अन् हे सगळ्याइची हाय. तिची बारी होऊन गेली."

नातेवाईक त्याला धरून घेऊन गेले. गर्दीत त्याची पाठ दिसली, खांदे पुढं, जसा अड्ड्यावर बसलेला.

मी त्याचं ऐकायला नको होतं असं मला आजही वाटतं. मी कोणाचं ऐकणारा माणूस नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी नळाचं पाणी घमेल्यात भरलं, हातपाय तोंड धुतलं आणि चादर पाण्यात सोडली. खळ निघाली, पाणी पांढरं झालं. दुसरं पाणी घेतलं. पिळली नाही, नुसती दाबली आणि अंगणात तारेवर टाकली. वाळल्यावर दोन्ही हातांनी उन्हाकडं धरली. माझं कापड दिसलं. दुसरं काही दिसलं नाही.

घडी केली, नाला ओलांडला, मशिदीत दिली. पदर डोक्याकडं घ्यायचा, म्हणून सांगितलं. निघालो, परत फिरलो आणि पुन्हा सांगितलं.